उकिरड्यातल्या डझनभर ओळी

(दृश्य: काचेच्या दोन पट्ट्यांत दाबून ठेवलेला पपायरसचा तपकिरी तुकडा. कडा कुरतडलेल्या. कॅमेरा हळूहळू अक्षरांजवळ जातो.)

पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाच्या, या तुकड्यावर एका ग्रीक काव्याच्या जेमतेम डझनभर ओळी आहेत. त्यांत नवीन काही नाही. ते काव्य कधीच छापून झालं होतं, त्याच्यावर टीपा लिहून झाल्या होत्या. तरीही १९७२ साली हा तुकडा प्रसिद्ध झाला आणि ग्रीक महाकाव्याच्या इतिहासातली दोन नावं वर-खाली झाली. ज्याला लोक नक्कल करणारा समजत होते, तो आधीचा निघाला.

(दृश्य: नाईल. संथ पाणी, काठाला शेतं, मागे उघडे डोंगर.)

होमरची ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकाच्या आसपासची. आपली गोष्ट त्यानंतर हजार वर्षांनी सुरू होते. रोमन साम्राज्य आहे, ख्रिस्ती धर्म पसरतोय, आणि ग्रीकमध्ये महाकाव्य लिहिणाऱ्यांची एक नवी फळी उभी राहते. त्यांतले बरेच जण इजिप्तचे. चौथ्या शतकातला युनापिअस नावाचा लेखक या इजिप्तवाल्यांबद्दल जरा नाक मुरडूनच सांगतो, की यांना कवितेचं भलतंच वेड.

त्या वेडाचं सर्वांत मोठं फळ म्हणजे नॉनस. गाव पॅनोपोलिस, म्हणजे आजचं अखमीम. काळ पाचवं शतक. त्याच्या ‘डायोनिसियाका’चे सर्ग ४८. ‘इलियड’चे २४ आणि ‘ओडिसी’चे २४ यांची बेरीज करून पाहा, म्हणजे गडी कुणाशी कुस्ती धरतोय ते कळेल. ओळी वीस हजारांच्या वर. प्राचीन ग्रीकमधलं एवढं लांब काव्य दुसरं उरलेलं नाही.

आणि विषय? मद्याचा देव डायोनिसस याने भारतावर केलेली स्वारी. भारतीयांचा राजा डेरिआडीस. त्याचा बाप साक्षात हायडास्पीस नदी, म्हणजे आपली झेलम. युद्धाच्या तोंडालाच डायोनिसस पाण्याची दारू करतो, भारतीय सैनिक ती ढोसतात, झिंगून आडवे होतात आणि आयतेच बेड्यांत सापडतात. राग मानू नये. नॉनसचा हा भारत प्रवासातून आलेला नाही, तो आधीच्या पोथ्यांतून आलाय. त्याच्या आधी डायोनिसिअस नावाच्या एका कवीने याच स्वारीवर ‘बसारिका’ हे काव्य लिहिलं होतं. त्याचे आता तुकडेच उरलेत, पण त्या तुकड्यांतही डेरिआडीस भेटतो.

(दृश्य: फळ्यावर खडूने लघू-गुरूच्या खुणा उमटतात.)

आता थोडं छंदाविषयी. शाळेत गण पाडलेल्यांना हे लगेच कळेल. ग्रीक महाकाव्याची ओळ सहा गणांची. पहिल्या पाच जागी एक तर गुरू-लघू-लघू, म्हणजे आपला भ गण, नाहीतर नुसते दोन गुरू. पाच जागा, प्रत्येक जागी दोन पर्याय. ओळीचे साचे झाले ३२. होमर बत्तीसच्या बत्तीस वापरतो. नॉनस वापरतो फक्त ९. शिवाय ओळीच्या शेवटी बोलण्यातला आघात कुठे पडावा, यावरही त्याचा पहारा.

इतकी कडक शिस्त कशासाठी? त्याच्या काळापर्यंत बोलल्या जाणाऱ्या ग्रीकमधून ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला फरक निघून गेला होता. कोणता स्वर लांब हे कान सांगत नव्हता, गुरुजी सांगत. मराठी माणसाला हे फार समजावून द्यायला नको. ‘पाणि’ की ‘पाणी’ हे आपण कुठे कानावरून ठरवतो? ते शुद्धलेखनाच्या वहीतून आलेलं असतं. मला वाटतं, जो फरक ऐकूच येत नाही त्याच्यावर वीस हजार ओळी रचायच्या तर माणूस नियम आवळतच नेणार. आघाताची सोय मात्र जिवंत कानासाठी आहे.

ही शिस्त जर्मन पंडित गोटफ्रीड हेर्मान यांनी १८०५ साली मांडून दाखवली आणि अभ्यासकांच्या हाती एक फूटपट्टी आली. कवीची तारीख माहीत नसली तरी त्याच्या ओळी मोजा. नॉनसची शिस्त दिसली, तर तो नॉनसच्या नंतरचा.

(दृश्य: समुद्राची अरुंद खाडी, रात्र, पलीकडे एकच दिवा.)

या फूटपट्टीने म्युझीअसची जागा पक्की केली. त्याचं काव्य छोटंसं, साडेतीनशेच्याही आत ओळी. लिअँडर रोज रात्री हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून हीरो नावाच्या आपल्या प्रेयसीकडे जातो, तिच्या दिव्याच्या आधाराने. एका वादळी रात्री दिवा विझतो. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिउस यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस छापखाना काढला, तेव्हा सुरुवातीच्या ग्रीक पुस्तकांत हे एक होतं. आल्दुसना वाटलं, हा पुराणकथांतला म्युझीअस, म्हणजे होमरच्याही आधीचा आदिकवी! सोळाव्या शतकात यूलिउस सीझर स्कालिगेर या पंडिताने तर त्याला होमरच्या वर बसवलं. खरं तर हा नॉनसच्या वाटेने चालणारा कवी. काही हस्तलिखितांत त्याच्या नावापुढे ‘व्याकरणकार’ असं स्वच्छ लिहिलेलंही आहे. एका माणसाला हजार वर्षं मागे ढकललं गेलं, आणि तेवढ्यानेच त्याची कविता महान ठरली.

ट्रिफिओडोरसच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने झाली.

(दृश्य: लाकडी घोड्याचं जुनं चित्र.)

हाही इजिप्तचाच. त्याच्या काव्याचं नाव ‘इलिओनचा पाडाव’, इलिओन म्हणजे ट्रॉय शहर, ओळी ६९१, गोष्ट ग्रीकांनी आत सैनिक दडवून ट्रॉयपुढे ठेवलेल्या लाकडी घोड्याची. त्याच्यात आणि नॉनसमध्ये शब्दांचे जोड जुळतात, वर्णनाच्या लकबी जुळतात. मग पिढ्यान्‌पिढ्या हिशेब असा मांडला गेला: नॉनस मोठा कवी, हा लहान, तेव्हा उसनवारी यानेच केली असणार. यात पुरावा काहीच नाही. दोन कवींच्या ओळी जुळतात एवढंच आपल्याला दिसतं. कर्ज कुणी दिलं आणि कुणी घेतलं, हे त्या ओळी सांगत नाहीत. मोठ्या माणसाकडे सावकारी आपण आपल्या मनाने देऊन टाकतो. आणि छंदाची फूटपट्टी इथे कुरकुरत होतीच, कारण ट्रिफिओडोरस नॉनसएवढा काटेकोर नाही.

(दृश्य: वाळूचे ढिगारे, जुनी कृष्णधवल छायाचित्रं, टोपल्या वाहणारे मजूर.)

मग पुढे आला उकिरडा. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराचा कचरा गावाबाहेर टाकला जाई. पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे कागदपत्रं वाळूत टिकली. १८९६ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे दोन तरुण इंग्रज तिथे खणायला लागले आणि टोपल्या भरभरून पपायरस निघाला: पावत्या, तक्रारअर्ज, घरची पत्रं, आणि मध्येच सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या ओळी. बरंचसं ऑक्सफर्डला गेलं. तेव्हापासून एकेक खंड छापणं चाललंय.

१९७२ च्या खंडात आपला तुकडा आला. ओळी ट्रिफिओडोरसच्या. हस्ताक्षराच्या वळणावरून काळ तिसऱ्या शतकाची अखेर किंवा चौथ्याची सुरुवात. म्हणजे नॉनस जन्मायच्या कितीतरी आधी कुणीतरी ट्रिफिओडोरस उतरवून घेतला होता, वापरला होता आणि टाकूनही दिला होता. देणेकरी आणि घेणेकरी यांनी जागा बदलल्या. ‘पाचव्या शतकातला नॉनसचा अनुयायी’ रातोरात नॉनसचा पूर्वसूरी झाला.

एक गंमत सांगायलाच हवी. उरलेल्या त्या ओळी आहेत कॅसँड्राच्या भाषणातल्या. घोडा आत घेऊ नका, म्हणून ट्रॉयच्या लोकांना बजावणारी कॅसँड्रा. ती खरं बोलते, आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

(दृश्य: इझमिरचा आखात, वर मेंढरं चरणारी टेकडी.)

कागदाचा तुकडा दर वेळी मदतीला येतो असं नाही. क्विंटस घ्या. स्मिर्नाचा, म्हणजे आजच्या इझमिरचा. ‘इलियड’ जिथे संपते तिथून ‘ओडिसी’च्या तोंडापर्यंतची सगळी कथा त्याने १४ सर्गांत सांगितली. ओठावर मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा मी स्मिर्नाच्या रानात मेंढरं राखत होतो आणि कलादेवतांनी मला गाणं दिलं, असं तो लिहितो. यावर किती भरवसा ठेवायचा? मेंढपाळाला काव्य लाभल्याची गोष्ट हेसिअड या जुन्या ग्रीक कवीने कितीतरी शतकं आधी स्वतःविषयी सांगून ठेवली आहे.

क्विंटसचा खरा पेच रोमन कवी व्हर्जिलशी आहे. काही प्रसंग व्हर्जिलच्या लॅटिन ‘एनिड’शी फार जुळतात. क्विंटसने लॅटिन वाचलं होतं, की दोघांनी आज हरवलेल्या एकाच ग्रीक काव्यातून घेतलं? ट्रॉयच्या युद्धाची ती जुनी काव्यं गेली. त्यांचे सारांश तेवढे उरलेत. वाद अजून चालू आहे, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्याच त्या ओळी पुढे करतात.

(दृश्य: लांबच लांब टेबल, पुस्तकांचे ढीग, पेन्सिलीच्या खुणा.)

या सगळ्या कवींबरोबर आयुष्य काढलेला माणूस म्हणजे फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस व्हिआँ, १९१७ ते २००८. क्विंटसची संपादित आवृत्ती त्यांची. ‘आर्गोनॉटिका’ लिहिणाऱ्या अपोलोनिअसची त्यांची. नॉनसच्या ४८ सर्गांची आवृत्ती त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९७६ पासून खंडाखंडाने काढली, आणि ते काम तीनेक दशकं चाललं.

नॉनसच्या नावावर आणखी एक काव्य आहे: बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या चरित्राचं, पद्य रूपांतर. एकीकडे मद्याचा देव, दुसरीकडे येशू. एकात पाण्याची दारू भारतीयांसाठी होते, दुसऱ्यात काना गावच्या लग्नासाठी. जुने लोक सोपं उत्तर देत: आधी मूर्तिपूजक होता, मग ख्रिस्ती झाला. व्हिआँनी १९९७ साली एकच शब्द धरला, ‘मार्तीस’, म्हणजे साक्षीदार. योहानाच्या शुभवर्तमानात साक्ष देणं हा गाभ्याचा विचार आहे, तिथे हा शब्द अर्थाने भरलेला आहे. ‘डायोनिसियाका’त तोच शब्द वारंवार येतो, पण नुसता जागा भरायला. म्हणजे सवय आधी योहानाशी झुंजताना लागली आणि मग दुसरीकडे पाझरली. थोडक्यात, ख्रिस्ती काव्य आधी लिहायला घेतलेलं. धर्मांतराची गोड गोष्ट यात बसत नाही.

(दृश्य: पुन्हा तो तुकडा. मग कपाटांच्या रांगा, खोक्यांमागून खोकी.)

ऑक्सिरिंकसचे बहुतेक तुकडे अजून छापलेले नाहीत. ट्रिफिओडोरसचं एक काव्यही अजून बेपत्ता आहे. मध्ययुगातल्या एका ग्रीक कोशात त्याची नोंद सापडते: ‘अक्षरगाळू ओडिसी’. पहिल्या सर्गात अल्फा हे अक्षर एकदाही नाही, दुसऱ्यात बीटा नाही, तिसऱ्यात गॅमा नाही, असं चोविसाव्यापर्यंत. कशासाठी केलं असेल, विचारू नका. पण एखाद्या खोक्यातून ओडिसिअसच्या गोष्टीचा तुकडा निघाला आणि ओळींमागून ओळी वाचून एकही अल्फा सापडला नाही, तर वाचणारा खुर्चीतून उठेल.