पोलादी पट्टीवर चोवीस शब्द

हातोडीचा एकच ठोका. पंच उचलला, आणि स्टीलवर 'ए' उमटला. मग 'बी', पुन्हा 'ए', शेवटी 'एन'. अबॅन्डन झाला! बिटकॉइन वॉलेटचे चोवीस शब्द आगीतही टिकावेत म्हणून असे स्टीलवर ठोकायचे. ते ज्या यादीतून येतात तिच्यात 2048 इंग्रजी शब्द आहेत, पण पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द त्यात सापडत नाहीत. म्हणून चारच ठोकायची. (हे शब्द फक्त चित्रीकरणापुरते. खरे शब्द कॅमेऱ्यासमोर कधीच आणायचे नसतात, फोनच्या कॅमेऱ्यासमोरही नाहीत.)

हे बोटभर यंत्र म्हणजे हार्डवेअर वॉलेट. बिटकॉइन याच्या पोटात नसतात. त्यांची नोंद जगभरच्या संगणकांवर असते. इथे असते ती फक्त खर्चाची चावी, आणि ती या चोवीस शब्दांतून घडते. वॉलेट विहिरीत पडलं तरी शब्दांवरून दुसरं उभं राहतं. वेल्समधल्या न्यूपोर्टला 2013 मध्ये चावी असलेली हार्ड डिस्क कचऱ्यात गेली; सुमारे 8000 बिटकॉइन आजही अडकलेले आहेत.

पुन्हा पट्टीकडे. 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील, 2 मिलिमीटर जाड. ॲल्युमिनियम नको, ते 660 अंश सेल्सिअसला वितळतं. हे जवळपास 1400 पर्यंत तग धरतं. खाली ऐरण हवी. लाकडावर ठोकलं तर पट्टी वाकते, अक्षर अर्धवट येतं. दुसरा ठोका मारला की अक्षराला सावली पडते. पंच उलटा धरला तर 'एम'चा 'डब्ल्यू' होतो, म्हणून दांड्यावर मार्करची ही खूण. ती कायम आपल्याकडे. आधी क्रमांक, मग शब्द. क्रम चुकला तर शब्द बरोबर असूनही उपयोग नाही. आणि भांड्यांवर नाव घालून घेतो तसं हे काम दुकानात द्यायचं नाही. घालणारा वाचतोच की!

आता गॅस टॉर्च. स्टील आधी पिवळसर, मग जांभळं, मग निळं. अक्षरं जागेवर.

वॉलेटमध्ये पैसे टाकायच्या आधी एक तालीम करायची, आणि नेमकी हीच बहुतेक जण टाळतात. पैसे घ्यायचा पहिला पत्ता लिहून घ्यायचा, वॉलेट पूर्ण पुसायचं, आणि शब्द लिहिलेला कागद बाजूला ठेवून पट्टीवरून शब्द भरायचे. शेवटच्या शब्दात पडताळणीचा आकडा दडलेला असतो, त्यामुळे चूक बहुधा पकडली जाते. बहुधाच, चोवीस शब्दांत चुकीची जुळणी 256 मधून एकदा खपून जाते, आणि उघडतं ते भलतंच, रिकामं वॉलेट. म्हणून पत्ता जुळवायचा. कॉम्प्युटरवर नव्हे, वॉलेटच्या या छोट्या पडद्यावर, कारण कॉपी केलेला पत्ता बदलणारे व्हायरस कॉम्प्युटरवर असू शकतात.

पहिलं अक्षर जुळलं. दुसरं. बोट पुढे सरकतंय.