कॉलम समोर दिसतोय, तरी म्हणतंय नाहीये

मागे आवाज येतोय ना? बरं, आज एरर आली की ती वाचायची कशी हे सांगायचंय, मग सरळ एका एररपासूनच सुरू करते. पायथनमध्ये पांडाज, म्हणजे तक्त्यातली माहिती हाताळायचं तयार साधन, वापरून एक साधी सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची टेक्स्ट फाइल, वाचायची होती, शेतकऱ्यांची यादी, नाव गाव रक्कम, बास. कोड चालवला आणि स्क्रीनभर लाल अक्षरं. आपण काय करतो, वरून वाचायला लागतो, आणि पांडाजच्या पोटातल्या फाइलींची नावं यायला लागली की विंडो बंद करून कोणाला तरी फोन लावतो. अहो, पण पायथन पहिल्याच ओळीत लिहून देतं की सगळ्यात अलीकडचा कॉल, म्हणजे कोडने फंक्शनला मारलेली हाक, शेवटी आहे! म्हणजे खालून वाचायचं. शेवटची ओळ काय झालं ते सांगते, मग वर सरकत जायचं ते आपण स्वतः लिहिलेल्या फाइलीचं नाव दिसेपर्यंत, मधला पसारा खुशाल सोडा.

तर शेवटची ओळ होती की-एरर आणि पुढे अवतरणात 'शेतकऱ्याचे नाव'. म्हणजे असा कॉलमच नाही. आणि मी फाइल उघडून बघतेय तर कॉलम समोर! दीड तास गेला हो माझा. गंमत अशी की की-एरर तुम्ही काय मागितलं तेवढंच सांगतो, फाइलीत काय आहे ते नाही, ते आपण काढायचं. शेवटी कॉलमची लिस्ट प्रिंट केली तर त्या 'ऱ्या'च्या मधोमध बॅकस्लॅश यू २००डी. हा झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं पण डोळ्याला न दिसणारं चिन्ह. आपला ऱ्य दोन तऱ्हेने टाइप होतो, एक खाली टिंब असलेल्या ऱ पासून आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे हा जॉइनर घालून, दिसायला दोन्ही सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. एकटं नाव प्रिंट केलं तर दिसत नाही, अख्खी लिस्ट छापली की दिसतो. हेडिंगच्या शेवटी राहिलेली स्पेसही अशीच सापडते, बंद होणाऱ्या अवतरणाच्या आधी मोकळी जागा दिसते.

आता रकमेचं. त्याच फाइलीत पुढची एरर, व्हॅल्यू एरर, '12,500' याचा फ्लोट, म्हणजे दशांश चालणारा आकडा, करता येत नाही. (फाइलीत आकडे इंग्रजी होते बरं का, '12500' तो आरामात वाचतो, अडतो तो स्वल्पविरामाला.) एका ठिकाणी आमच्यातल्याच एकाने यावर उपाय काय केला, पांडाजच्या टू-न्यूमरिकला, म्हणजे मजकुराचे आकडे करणाऱ्या फंक्शनला, एरर्स म्हणजे कोअर्स असं सांगून टाकलं, म्हणजे जे जमणार नाही ते रिकामं कर. एरर गेली, सगळे खूश. पण स्वल्पविराम कुठे असतो, हजाराच्या पुढच्या रकमेतच ना? म्हणजे ९०० राहिले आणि १२,५०० उडाले, आणि बेरीज करताना पांडाज रिकाम्या जागा गुपचूप सोडून देतं. एकूण रक्कम एवढीशी आली तेव्हा कुठे कळलं. एररने तर नेमकी ती व्हॅल्यू अवतरणात घालून हातात दिली होती, फाइल वाचतानाच हजारांचं चिन्ह स्वल्पविराम आहे एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. मला विचाराल तर ट्राय-एक्सेप्ट-पास, म्हणजे एरर आली तर गिळून पुढे जा, असं लिहिणाऱ्याला आणि कोअर्स लावून रिकाम्या जागा न मोजणाऱ्याला एकाच बाकावर बसवावं.

आता एअरफ्लो, म्हणजे ठरलेली कामं एकामागून एक आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, त्याबद्दल थोडंच बोलते, कारण चहा आलाय. २०१४ ला एअरबीएनबी या कंपनीत सुरू झालेलं हे, आज अपाची या सॉफ्टवेअर संस्थेकडे आहे. सकाळी ते उघडलं की त्यात प्रत्येक कामाचा एक चौकोन, आणि काही बिघडलं असेल तर लाल आणि केशरी चौकोन दिसतात. केशरी म्हणजे अपस्ट्रीम फेल्ड, त्याच्या आधीचं काम फेल झालं म्हणून तो बिचारा चाललाच नाही, त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, काय मिळणार, जो खरा फेल झाला तो लाल चौकोन गाठा. आणि रिट्राय, म्हणजे फेल झालं तर पुन्हा चालव, असे लावलेले असतील तर पहिल्या प्रयत्नाचा लॉग उघडा, शेवटचा नको. पहिल्या वेळी टेबल बनवून झाल्यावर कनेक्शन तुटलेलं असतं, दुसऱ्या वेळी 'टेबल आधीच आहे' म्हणून फेल होतं, आणि आपण बसतो टेबल डिलीट करत.

काय म्हणालात? हो, मदत मागताना स्क्रीनशॉट पाठवला तर चालेल का. नको. टेक्स्ट कॉपी करून पाठवा, शेवटच्या ओळीसकट, आणि कॉलमची लिस्टसुद्धा. फोटो पाठवलात तर ते हेडिंग मी माझ्या हाताने टाइप करणार, आणि माझ्या कीबोर्डवरून तिसराच कुठला तरी ऱ्य यायचा.