फिफ्टी-फिफ्टीच्या कंपनीत शेवटचा शब्द कुणाचा?

तर मंडळी, प्रायव्हेट लिमिटेड काढताना लोक नावावर महिनाभर डोकं खपवतात, पण आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली, कोण वाचतं? सीएनं पाठवलं, सही ठोकली, विषय संपला. भांडण घेऊन आलेल्या पार्टनरला मी आधी विचारतो की आर्टिकल्स आणलेत का, तर बहुतेक जण स्टॅम्पपेपरवरचा वेगळाच करार पुढे सरकवतात, सर आमचं ठरलंय, शेअर विकायचे तर आधी एकमेकांना विचारायचं.

ठरलं असेल हो. पण सुप्रीम कोर्टाची रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन ही 1992 ची केस बघा. घरची कंपनी, एकूण शेअर 50, दोन भावांकडे 25-25, आणि दोन्ही घरांचा हिस्सा कायम सारखाच राहणार असं आपसात ठरलेलं. पुढच्या पिढीत एकानं आपले शेअर दुसऱ्या घरात विकले. कोर्ट म्हणालं, हे बंधन आर्टिकल्समध्ये नाही, मग ते कंपनीलाही लागू नाही आणि शेअरहोल्डरलाही नाही.

आता फिफ्टी-फिफ्टी. ऐकायला छान वाटतं, पण कंपनी कायद्यातल्या आर्टिकल्सच्या तयार नमुन्यात, म्हणजे टेबल एफमध्ये, बोर्डात मतं समसमान पडली की चेअरमनला जादा मत असतं. दोनच डायरेक्टर असतील आणि पहिल्या मीटिंगला 'तू मोठा, तूच बस खुर्चीवर' असं हसतहसत झालं असेल तर बोर्डातला शेवटचा शब्द त्याचा झाला, तुम्हाला पत्ताही नाही. आणि ते कलम काढून टाकलं तर बोर्ड ठप्प. मग एक जण बँकेला पत्र देतो की आमचा वाद चालू आहे, बँक खातं थांबवते, आणि पगाराची तारीख कुणासाठी थांबत नाही.

51-49 वाला तर आणखी भाबडा, त्याला वाटतं दोन टक्क्यांनी काय होतंय. अहो, साध्या ठरावानं, म्हणजे निम्म्याहून जास्त मतांनी, तुम्हाला डायरेक्टर पदावरून काढता येतं. तुमच्या हातात फक्त 75 टक्के लागणारे स्पेशल ठराव अडवणं उरतं. त्याहून वाईट म्हणजे राइट्स इश्यू. बोर्ड नवे शेअर काढतं, ते आधी आहेत त्याच शेअरहोल्डरना हिश्श्याप्रमाणे देऊ करतं, ऑफर साधारण 7 ते 30 दिवस खुली, पत्र ईमेलनं पाठवलं तरी चालतं, आणि मेल जातो कंपनीच्याच आयडीवर, ज्याचा पासवर्ड पार्टनरनं भांडणानंतर बदललाय! तुम्ही पैसे भरले नाहीत, तुमचे 49 चे 20 झाले. कोर्ट हे उलटवतं, नाही असं नाही. 2004 च्या डेल अँड कॅरिंग्टन केसमध्ये मॅनेजिंग डायरेक्टरनं स्वतःलाच शेअर देऊन परदेशातल्या मोठ्या शेअरहोल्डरला अल्पमतात टाकलं होतं, सुप्रीम कोर्टानं ते वाटप रद्द केलं. पण तिथवर पोचेस्तोवर धंद्याचं काय होतं ते तुम्हीच बघा.

दाद मागायची एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, कंपनी कायद्याच्या कलम 241 खाली, अन्याय किंवा गैरकारभाराची तक्रार म्हणून. त्यासाठी दहा टक्के शेअर लागतात किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश लोक, त्यामुळे दहापर्यंत शेअरहोल्डर असलेल्या छोट्या कंपनीत एकटा माणूसही जाऊ शकतो. मात्र 'मला काढलं' एवढ्यावर केस उभी राहत नाही. सायरस मिस्त्रींना ऑक्टोबर 2016 मध्ये टाटा सन्सच्या चेअरमनपदावरून काढलं, त्यांच्या गटाकडे 18 टक्क्यांच्या वर इक्विटी, एनसीएलटीत हरले, 2019 ला अपिलात जिंकले, आणि मार्च 2021 ला सुप्रीम कोर्टानं निकाल टाटांच्या बाजूनं दिला. साडेचार वर्षं, देशातले सगळ्यात महागडे वकील लावून! तुमच्या वर्कशॉपला परवडेल का? छोट्या कंपन्यांमध्ये शेवटी बहुतेकदा एकानं दुसऱ्याचे शेअर विकत घ्यायचे यावर गाडी येते आणि खरी मारामारी व्हॅल्युएशनवर होते, म्हणून भाव कसा काढायचा आणि व्हॅल्युअर कोण नेमणार हे दोस्ती आहे तोवरच आर्टिकल्समध्ये घालून घ्या.

मागून कुणीतरी विचारलं, आमची एलएलपी आहे, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, आमचं काय? तुम्हाला 241 चा आधार नाही. पार्टनरला काढायचा अधिकार करारात स्पष्ट दिलेला नसेल तर बहुमतानं कुणाला काढता येत नाही, तेव्हा चहा झाल्यावर तो करार दाखवा मला.