कारण विचारायची सोय

नमस्कार, श्रोतेहो.

२६ जून १९७५ ची सकाळ आठवणारे अजून तुमच्यात असतील. अशाच रेडिओवरून इंदिराजींनी सांगितलं, राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं कारण नाही. जयप्रकाशजींना त्याआधीच, पहाटे, पकडून नेलं होतं.

मग 'मिसा'खाली धरपकड झाली. मिसा म्हणजे १९७१ चा अंतर्गत सुरक्षा कायदा. खटला नाही, आरोपपत्र नाही. अधिकाऱ्याचं समाधान झालं की माणूस आत. आणीबाणीत तर कारणही सांगायचं नाही, बंद्याला नाही आणि कोर्टालाही नाही.

बंद्यांनी हेबिअस कॉर्पसचे अर्ज केले. मराठीत याला 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणतात. शब्द जडजंबाल, मागणी साधी: माणसाला समोर आणा आणि का धरलं ते सांगा. नऊ हायकोर्टांनी हे अर्ज ऐकायचं ठरवलं, त्यात आपलं मुंबईचंही होतं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसानं वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर दाद मागता येणार नाही.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक: आणीबाणीत असे अर्ज करता येणार नाहीत. एकटे खन्ना बंद्यांच्या बाजूनं. चौघांत आपल्या पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. असले अत्याचार होणार नाहीत अशी हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी कठीण आशा त्यांनी निकालपत्रात लिहिली. आशा बंद्यांच्या घरच्यांनाही होतीच की! ती पुरेना, म्हणून तर ते कोर्टात आले होते.

खन्नांचं सरन्यायाधीशपद हुकलं. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं तो निकाल रद्द ठरवला. तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय होते. बातमी बापलेकांची झाली. मला मात्र मधली ४१ वर्षं खुपतात.

तुम्ही म्हणाल, मुंबईनं १९९३ पाहिलंय, २००८ पाहिलंय. खरंय. बॉम्ब फुटेपर्यंत हातावर हात धरून बसा, असं कोण म्हणेल? पण कसाबला वकील मिळाला, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील मिळालं, आणि २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्याच येरवड्यातल्या १९७६ च्या मिसाबंद्याला आपण आत का आहोत, हेसुद्धा कुणी सांगत नव्हतं. यानं देश किती सुरक्षित झाला?

४४ व्या घटनादुरुस्तीनं जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं केलं, हे चांगलंच झालं. पण १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आजही खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत डांबता येतं, आणि डांबणं योग्य की नाही हे पाहणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. राज्यघटनेप्रमाणे तर मंडळाच्या मताविना तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतं. ही मुदत दोन महिन्यांवर आणणारं कलम त्याच ४४ व्या दुरुस्तीत संसदेनं मंजूर केलंय. ते लागू करायला केंद्राची एक अधिसूचना पुरे. आजवर एकाही सरकारनं ती काढलेली नाही.

नमस्कार.