घरात येणारी लाइन कोणती?

श्रोतेहो, नमस्कार. घरी इंटरनेट घ्यायचं ठरलं की आपली नजर आधी जाहिरातीतल्या आकड्यावर जाते. 100 एमबीपीएस, 300 एमबीपीएस. हे मेगाबिट असतात बरं का, मेगाबाइट नव्हेत; आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे 100 च्या लाइनवर फाइल उतरते ती सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइटने. पण आकडा नंतर बघू. आधी विचारा, कनेक्शन दारापर्यंत येणार कशावरून?

फायबर मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्या, असं माझं मत. काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो, त्याला गावातल्या अंतराचं काहीच वाटत नाही. अपलोडही सहसा दणकट मिळतो, आणि व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा गोठतो तो बहुतेकदा अपलोडपायीच. मात्र ‘फायबर’ म्हणून विकलेली लाइन कधी कधी इमारतीच्या तळाशीच थांबते आणि वरचा तुकडा तांब्याचा निघतो. म्हणून थेट विचारा, फायबर माझ्या घरात येणार का, ओएनटीची पेटी, म्हणजे फायबरमधला प्रकाश राउटरला समजेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी पेटी, माझ्या भिंतीवर बसणार का?

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं डीएसएल अंतराला फार हळवं. एक्स्चेंज जवळ असेल तर ठीक; तीन-चार किलोमीटर लांब असेल तर प्लॅन तोच, पैसे तेच, वेग मात्र पार खाली. टीव्हीच्या केबलवरून येणारं इंटरनेट डाउनलोडला चांगलं असतं, पण ती लाइन आसपासच्या घरांत वाटलेली असते. संध्याकाळी सगळे एकदम बघायला बसले की रांग लागते.

तार पोचतच नसेल तर फाइव्ह-जीचा वायरलेस राउटर. तो टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवला की वेग एक, आतल्या खोलीत नेला की दुसराच. तेव्हा परत करायची सोय असेल तरच घ्या.

राहिला उपग्रह. इथं दोन जाती आहेत. जुने भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर. तुमची विनंती वर जाते, खाली येते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. एवढ्या प्रवासातच जवळपास अर्धा सेकंद खर्च होतो. कितीही पैसे मोजा, प्रकाश याहून जोरात धावत नाही. सिनेमा छान दिसेल, पण बोलताना दोघं एकमेकांचं वाक्य तोडत राहाल. स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर फिरतात, तिथं ही अडचण जवळजवळ उरत नाही. फक्त डिशला मोकळं आकाश हवं. मध्ये झाड आलं की कॉल तुटतो.

आता उपलब्धता. कंपनीच्या नकाशावर तुमचा भाग रंगवलेला असला म्हणजे तुमच्या मजल्यावर लाइन आहे असं नाही. शेजारच्या दारावर टकटक करा, रात्री नऊच्या सुमारास त्यांच्याकडे स्पीड टेस्ट घ्या. आणि लॅपटॉप लॅन केबलने सरळ राउटरला जोडून घ्या, नाहीतर वायफायचा दोष बिचाऱ्या लाइनच्या माथी बसेल.