प्रागच्या घड्याळापुढची रामनवमी

अध्यक्ष महोदया आणि सभासद मित्रहो,

2025 च्या रामनवमीला, 6 एप्रिल रोजी, आम्ही आईला घेऊन प्रागच्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरील खगोलीय घड्याळापुढे उभे होतो. तेथे ताशी येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती खिडक्यांतून फिरून जातात, सांगाड्याच्या रूपातील मृत्यू घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो आणि गर्दी पांगते. हा खेळ घटकाभराचाही नाही. मला ओढ होती ती खिडक्यांखालच्या, सूर्य-चंद्राची स्थिती दाखवणाऱ्या तबकडीची.

ती 1410 मध्ये कादानच्या मिकुलाश या घड्याळजीने घडवली आणि तिच्यामागचे गणित यान शिंडेल या खगोलज्ञाचे मानले जाते. (हानुश नावाच्या कारागिराने ती केली आणि दुसरी होऊ नये म्हणून त्याचे डोळे काढले गेले, ही दंतकथा मात्र वाटाड्ये अजून रंगवून सांगतात.) आत 365, 366 आणि 379 दात्यांची तीन मोठी चक्रे अनुक्रमे राशिमंडळ, सूर्य आणि चंद्र यांना फिरवतात. सूर्याच्या चक्राला एक दाता अधिक असल्याने तो राशिमंडळाच्या मागे रोज किंचित रेंगाळतो आणि वर्षभरात नेमका एक फेरा मागे पडतो.

सर्वांत बाहेरच्या पट्ट्यावरील सोनेरी आकडे सूर्यास्तापासून तास मोजतात. सूर्यास्ताची वेळ बदलेल तसा तो पट्टाच वर्षभर मागेपुढे सरकतो, म्हणजे सूर्य मावळताना काटा 24 वर यावा. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सुरू होतो, एवढाच फरक. आतल्या वक्र रेषा दिनमानाचे बारा भाग पाडतात आणि हे भाग उन्हाळ्यात लांबतात, हिवाळ्यात आखडतात. दिनमानाच्या आठव्या हिश्श्यावर राहुकाळ काढणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

सूर्य मेषेत दिसताच आई म्हणाली, "घड्याळ चुकलंय रे, संक्रमणाला अजून आठवडा आहे." निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजणाऱ्या, पंचांगाप्रमाणे तिचे बरोबरच होते, पण हे घड्याळ सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, राशी दाखवते आणि दोहोंत आज सुमारे 24 अंशांचे अंतर आहे. हे मी समजावीत असताना तिचे लक्ष चंद्राकडे गेले होते. तो अर्धा चंदेरी, अर्धा काळा गोळा स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. चंदेरी भाग निम्म्याहून थोडा जास्त दिसत होता. "नवमी आहे," ती म्हणाली, आणि पर्समधली सुंठवड्याची पुडी काढून तिने आमच्या हातांवर चिमूट चिमूट ठेवली.