तपासणी आणि उपचार एकाच फेरीत

श्रोतेहो, नमस्कार.

गर्भाशयमुखाचा कर्करोग, ज्याला आपल्या आयाबहिणी पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो एकाएकी होत नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला तर आधी तिथल्या पेशी बिघडतात, आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला बहुतेकींच्या बाबतीत 15 ते 20 वर्षं जातात. एवढा वेळ हाताशी असूनही भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा आजार होतो आणि 80 हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावतात. तपासणी एका दिवशी, रिपोर्ट पंधरवड्यानं, उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी. रोजगार बुडवून इतके हेलपाटे घालणं कितीजणींना जमेल? म्हणून आज ज्या साधनांमुळे हे हेलपाटे वाचतात, त्यांच्याविषयी बोलू.

सुरुवात डोळ्यांनी करायच्या तपासणीला लागणाऱ्या ॲसिटिक ॲसिडपासून, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लापासून. लागतं ते 3 ते 5 टक्क्यांचं द्रावण. 5 मिलिलिटर ग्लेशियल, म्हणजे पाणी न मिसळलेलं, ॲसिटिक ॲसिड 95 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलं की 5 टक्क्यांचं द्रावण तयार होतं. ते रोज ताजं करावं आणि बाटलीवर तारीख घालावी. ग्लेशियल ॲसिड चुकून तसंच लावलं गेलं तर त्वचा भाजते, त्यामुळे ती बाटली तपासणीच्या टेबलावर ठेवूच नये. योनी उघडी धरणारं साधन, म्हणजे स्पेक्युलम, बसवून आधी चिकट स्राव पुसून घ्यायचा, द्रावणात भिजवलेला कापूस गर्भाशयमुखाला लावायचा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशींमध्ये केंद्रकातली प्रथिनं जास्त असतात. ॲसिडने ती साकळतात आणि तो भाग पांढरा दिसू लागतो, उकडताना अंड्यातला बलकाभोवतीचा पारदर्शक भाग पांढरा होतो तसा. घाई केली तर हा डाग उमटायच्या आतच बघणं संपतं.

मात्र दिसलेलं प्रत्येक पांढरं रोगाचं नसतं. दाट, ठळक कडेचा आणि दोन प्रकारच्या अस्तरांच्या सीमेला चिकटलेला डाग महत्त्वाचा. फिकट, विरळ, कडा धूसर असलेला पांढरेपणा साध्या सुजेमुळेही येतो. पाळी गेल्यावर ही सीमा आतल्या नळीत सरकते आणि डोळ्यांना दिसेनाशी होते. म्हणून पन्नाशीनंतर या तपासणीवर फार विसंबता येत नाही.

ही साधी पद्धत खरोखर जीव वाचवते का, याचं उत्तर महाराष्ट्रातूनच मिळालं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने 1998 साली काम सुरू केलं. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना काही आठवडे प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी ही तपासणी केली. सुमारे दीड लाख स्त्रिया या अभ्यासात होत्या, आणि तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात ॲसिटिक ॲसिडच्या एकाच फेरीने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने मात्र मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ही दोन्ही उत्तरं एकत्र वाचायला हवीत. डोळ्यांनी करायची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. फेरी एकच मिळणार असेल तर एचपीव्ही चाचणी भारी पडते. त्या चाचणीसाठीचा नमुना स्त्री स्वतः, आडोशाला, लहानशा ब्रशने घेऊ शकते. संकोचामुळे मागे राहणाऱ्या कितीतरी जणींसाठी ही मोठी सोय आहे.

बघायची साधनंही लहान झाली आहेत. रुग्णालयातला कॉल्पोस्कोप, म्हणजे गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारं यंत्र, योनीबाहेर हातभर अंतरावर उभा असतो, म्हणून त्याला मोठी भिंगं लागतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात निम्मी रामानुजम यांच्या गटाने पॉकेट कॉल्पोस्कोप तयार केला. त्यात कॅमेरा आणि एलईडी दिवे नळीच्या टोकाला बसवून थेट गर्भाशयमुखाजवळ नेले, आणि जड भिंगांची गरज उरली नाही. अशा साधनांत हिरवा प्रकाश देतात. रक्त तो शोषून घेतं, त्यामुळे रक्तवाहिन्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. ओल्या पृष्ठभागावरची चकाकी हा इथला जुना त्रास आहे. चकाकीचा ठिपका पांढरा डाग म्हणून वाचला जातो. दिव्यावर आणि कॅमेऱ्यावर एकमेकांशी काटकोनात ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणाऱ्या पोलरायझर काचा, बसवले की ती चकाकी गळून पडते.

आता उपचार. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं, कारण उपचाराविना तपासणी म्हणजे बाईच्या जिवाला नुसता घोर. पूर्वी क्रायोथेरपी होती: तीन मिनिटं गोठवा, पाच मिनिटं वितळू द्या, पुन्हा तीन मिनिटं गोठवा. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रस ऑक्साइडचे जड सिलिंडर लागत. गॅस मधेच संपे, नळीत बर्फ अडके आणि काम थांबे. थर्मल ॲब्लेशनच्या, म्हणजे उष्णतेने डाग जाळण्याच्या, यंत्राला गॅस लागत नाही. बॅटरीवर चालणारं, हातात धरायचं हे यंत्र टोकाला किमान 100 अंश सेल्सिअस तापतं. ते डागावर 20 ते 30 सेकंद टेकवायचं; डाग टोकापेक्षा मोठा असेल तर आधीच्या जागेवर थोडं चढवून पुन्हा टेकवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. बहुतेकींना भूल लागत नाही, पाळीत दुखतं तशी कळ येऊन जाते.

चुका कुठे होतात? टोक ओल्या भागाला टेकताच उष्णता ओढली जाते आणि यंत्राला ती लगेच भरून काढावी लागते. बॅटरी थकलेली असेल तर तापमान खाली जातं आणि खोलवरच्या पेशी जिवंत राहतात. शिबिराच्या सकाळी यंत्र तापवून बघावं, दुसरी भरलेली बॅटरी सोबत ठेवावी. योनीच्या भिंती मधे आल्या तर भाजतात. टोक कापलेला निरोध स्पेक्युलमवर चढवला की त्या बाजूला राहतात. तापणारा भाग, म्हणजे प्रोब, आधी धुवायचा, मग उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने निर्जंतुक करायचा, पूर्ण वाळवायचा. दिवसाला वीस स्त्रिया आणि एकच प्रोब असेल तर रांग अडते आणि सफाईत घाई होते. म्हणून यंत्र घेताना जास्तीचे प्रोब त्याच मागणीपत्रात लिहावेत.

डाग आतल्या नळीत शिरला असेल, गर्भाशयमुखाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग व्यापत असेल किंवा कर्करोगाचा जरासा जरी संशय असेल, तर हे यंत्र वापरू नये. अशा वेळी डाग जाळला तर वरचं पुसलं जातं आणि आत रोग वाढत राहतो. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच पाठवायचं.

उपचारानंतर काही आठवडे अंगावरून पाण्यासारखं जातं. चार आठवडे संबंध टाळायचे. ताप, घाण वास किंवा जास्त रक्तस्राव असेल तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. वर्षभराने पुन्हा तपासणी करायची, आणि तिची तारीख त्याच दिवशी बाईच्या कार्डावर आणि आशाताईंच्या वहीत, दोन्हीकडे लिहून ठेवायची.